वेगळे होताना मुलांची व्यवस्था मध्यस्थीने ठरवायची आहे. पहिल्या बैठकीआधी काय तयारी करावी?

कोथरूडची_आई यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या लग्नाला बारा वर्षे झाली असून गेले दहा महिने आम्ही वेगळे राहत आहोत. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि मुलगा येत्या डिसेंबरात पाच वर्षांचा होईल. मी दोन्ही मुलांसह पुण्यात कोथरूडला भाड्याच्या घरात राहते आणि मुलांची शाळाही इथेच आहे. त्यांचे बाबा चिंचवडला आपल्या आईवडिलांकडे राहतात. वेगळे व्हायचे की नाही, याबद्दल आता आमच्यात वाद उरलेला नाही. वाद आहे तो मुलांचा. कौटुंबिक न्यायालयात दोघांनीही मुलांच्या ताब्यासाठी अर्ज केले आहेत, विवाह समुपदेशक मॅडमांसमोर दोन भेटी झाल्या आणि आता प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवण्यात आले आहे. पहिली बैठक तीन आठवड्यांनी आहे.

हे लिहायला बसले त्याला एक प्रसंग कारण झाला. मुलीला दमा आहे. मागच्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी ती चिंचवडहून परत आली तेव्हा पंप दप्तरात होता, पण पंपाला लावायची प्लॅस्टिकची नळी, म्हणजे स्पेसर, तिकडेच राहिला होता. स्पेसरशिवाय तिला औषध नीट ओढता येत नाही. रात्री दहाच्या सुमारास तिला खोकल्याची उबळ आली, मी त्यांना निरोप पाठवला आणि पावणेअकराला ते दुचाकीवरून आले. एकमेकांसमोर येऊ नये असे दोघांच्याही वकिलांनी सांगितलेले असल्यामुळे त्यांनी स्पेसर खाली वॉचमनकडे दिला आणि ते निघून गेले; ते गेल्याची खात्री करून मी खाली उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने स्वयंपाकघराच्या ओट्यावरची कापडी पिशवी पाहिली. पिशवीत एक चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर तिचे नाव त्यांच्या अक्षरात होते. ती म्हणाली, "बाबा आला होता? मग वर का नाही आला?" मला तिला काहीही उत्तर देता आले नाही.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की "ताबा मलाच मिळावा" एवढ्या एका वाक्याने आमच्या घरातला कुठलाच प्रश्न सुटणार नाही. परंतु मध्यस्थीच्या बैठकीत नेमके काय बोलायचे असते, काय मागायचे असते, हे मला कळत नाही. माझे वकील म्हणतात की मुलगा पाच वर्षांच्या आतला असल्यामुळे तो माझ्याकडेच राहणार आहे, तेव्हा आपण होऊन काही सोडण्याची गरज नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की पाच दिवसांच्या गणपतीत आणि गौरीच्या तीनही दिवशी मुले चिंचवडच्या घरातच असली पाहिजेत. आणि मला त्या दिवसांतल्या धुपाची, कापराची, पुढे दिवाळीतल्या फटाक्यांची मुलीच्या छातीसाठी भीती वाटते, जी बोलून दाखवली की मी सणात मोडता घालते असे होते. बैठकीत मी जे बोलेन ते उद्या न्यायालयात माझ्याविरुद्ध वापरले जाईल का? मुलीला सोबत नेणे योग्य ठरेल का? आणि जे ठरेल ते कितपत बंधनकारक असते? ज्यांनी हा अनुभव घेतला आहे, किंवा जे या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_समुपदेशक यांचे उत्तर

ताई, मी महाराष्ट्रातील कौटुंबिक न्यायालयांत अनेक वर्षे विवाह समुपदेशक म्हणून काम केले आहे. तुमच्या प्रश्नातले स्पेसरचे उदाहरण वाचून मला वाटले की तयारी तुम्ही नकळत सुरू केलेलीच आहे.

आधी समुपदेशक आणि मध्यस्थ यांच्या कामातला फरक सांगते, कारण बैठकीला येणारी पुष्कळ मंडळी या दोघांना एकच समजतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने शक्य असेल तेथे पक्षकारांमध्ये समेट किंवा तडजोड घडवण्याचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचेच कर्तव्य ठरवले आणि त्यासाठी समुपदेशकांची तरतूद केली. आपल्या राज्यात हे समुपदेशक न्यायालयाचे पूर्णवेळ कर्मचारी असतात. ते पक्षकारांशी बोलतात, गरज पडल्यास घरभेट देतात, मुलांना भेटतात, आणि मुलांविषयीचा अहवाल मागवला गेल्यास तो न्यायालयाला देतात. मध्यस्थ अहवाल देत नाही, सल्ला देत नाही आणि चूक कोणाची हेही सांगत नाही. तो तुम्हा दोघांना एका टेबलाशी बसवून, तुमच्याच तोंडून तुमची व्यवस्था वदवून घेतो. म्हणून मध्यस्थासमोर नवऱ्याचे दोष सिद्ध करण्यात वेळ घालवू नका. ते सिद्ध झाले तरी त्या खोलीत त्यांचा काही उपयोग नसतो.

आता तयारीविषयी. यंदाची आणि पुढच्या वर्षीची, अशा भिंतीवरच्या दोन दिनदर्शिका विकत आणा आणि एक कोरी वही घ्या. वहीत "ताबा" हा शब्द लिहू नका. सोमवारी सकाळी मुलांना कोण उठवते इथपासून सुरुवात करून रविवारी रात्री दप्तर कोण भरते इथपर्यंत आठवडा जसाच्या तसा लिहून काढा. शाळेच्या बसपर्यंत कोण सोडते, बस चुकली तर कोण नेते, पालकसभेला कोण जाते, मुलगा कोणाजवळ लवकर झोपतो, मुलीचे दम्याचे डॉक्टर कोणते, पुढची तपासणी कधी, हे सगळे त्यात यायला हवे. त्यानंतर हेच पान त्यांच्या बाबांच्या नजरेने पुन्हा लिहून पाहा. हा भाग जड जातो. पण तो केलेल्या आईला किंवा वडिलांना बैठकीत अचानक धक्का बसत नाही, कारण समोरून येणारी बहुतेक वाक्ये तोवर त्यांच्या वहीत येऊन गेलेली असतात.

एक प्रसंग सांगते. माणसे ओळखू येणार नाहीत अशा बेताने सांगते. वडिलांची मागणी दर रविवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी होती आणि आई रविवार द्यायला अजिबात तयार नव्हती. तीन तारखा याच वादात गेल्या. वडिलांनी गृहीत धरले होते की आईला मुलाला त्यांच्यापासून तोडायचे आहे, आणि आईने गृहीत धरले होते की वडिलांना फक्त तिला त्रास द्यायचा आहे. शेवटी आईला एकटीला बसवून विचारले की रविवारी तुम्ही मुलासोबत काय करता. ती म्हणाली, "मी दुकानात कामाला आहे, आठवड्यातून एकच सुट्टी मिळते, त्या दिवशी मी त्याला न्हाऊ घालते आणि आम्ही दोघे दुपारी जेवून एकत्र झोपतो." वडिलांनाही कारखान्यात रविवारचीच सुट्टी होती. भांडण दोघांच्या एकुलत्या एका सुट्टीचे होते, आणि हे दोघांपैकी कोणीच आधी उच्चारले नव्हते. पुढच्या अर्ध्या तासात एक आड एक रविवार ठरला, आणि ज्या आठवड्यात रविवार आईचा असेल त्या आठवड्यात बुधवारी संध्याकाळी वडिलांनी मुलाला पाळणाघरातून घेऊन रात्री साडेआठपर्यंत घरी सोडावे, असेही ठरले. समोरच्याची मागणी ऐकल्यावर "का?" हा प्रश्न मनात न ठेवता तो मध्यस्थामार्फत विचारायला लावा, असे मी म्हणते ते यामुळे.

सणांचे स्वतंत्रपणे बोला. माझ्या अनुभवात कागदावरची निम्मी भांडणे गणपती, दिवाळी आणि मे महिन्याची सुट्टी एवढ्यातच असतात. दिवाळीची विभागणी करताना वसुबारसेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत एका घरी आणि पाडव्याच्या संध्याकाळपासून भाऊबीज धरून दुसऱ्या घरी, अशी रचना पुष्कळ कुटुंबांना मानवते, कारण भाऊबीजेला मुलांना मामाकडे जाता येते. हवे तर पुढच्या वर्षी क्रम उलटा करावा. गौरींचे दिवस तुम्ही चिंचवडला द्यावेत असे माझे मत आहे. मुलांच्या आजीचा तो सण आहे आणि तो वर्षातून एकदाच येतो. मात्र मुलीच्या दम्याची अट त्याच परिच्छेदात लिहा: मुलगी असलेल्या खोलीत धूप आणि कापूर जाळू नये, पंप आणि स्पेसर तिच्याजवळ असावा, आणि त्रास झाल्यास कोणत्या डॉक्टरांकडे न्यावे. हीच गोष्ट सासूबाईंना तोंडाने सांगितली तर तो टोमणा वाटतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कागदावर आली की ती मुलीची गरज म्हणून वाचली जाते.

मुलीला बैठकीला नेऊ नका. नऊ वर्षांच्या मुलीला आपले आईवडील बंद दाराआड काय बोलत असतील याची कल्पनाच त्रास द्यायला पुरेशी असते. तिचे म्हणणे ऐकण्याची गरज भासली तर समुपदेशक तिला वेगळ्या वेळी, मुलांच्या कक्षात भेटतात, आणि तिला "तुला कोणाकडे राहायचे आहे?" असे विचारत नाहीत. तुम्हीही विचारू नका.

शेवटी एक सुचवते. सगळे वेळापत्रक मिनिटामिनिटाने बांधू नका, दोघांनी समजुतीने घ्यायची थोडी जागा त्यात राहू द्या.

नाशिककर_बाबा यांचे उत्तर

वरच्या उत्तरातील जवळजवळ प्रत्येक मुद्दा मला पटला, पण शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या अनुभवात आहे.

माझी दोन्ही मुले त्यांच्या आईसोबत कल्याणला राहतात. चार वर्षांपूर्वी आमची तडजोड झाली तेव्हा आम्ही दोघेही थकलो होतो आणि लवकर सही करून मोकळे व्हावे असे वाटत होते. संमतीच्या अटींमध्ये भेटीविषयी एकच ओळ होती: "वडिलांना मुलांना परस्पर सोयीने भेटता येईल." ती ओळ वाचताना मला आम्ही दोघे समंजस असल्याचा अभिमान वाटला होता. पुढचे आठ महिने त्या ओळीने आम्हाला छळले. सोय कोणाची, हे दर शनिवारी नव्याने ठरवावे लागे. मी विचारले की मुलांची परीक्षा असे, तिने विचारले की माझी कामाची पाळी असे, आणि प्रत्येक नकारात दोघांनाही जुने सगळे आठवे. एकदा मी कल्याणच्या फलाटावर उतरून निरोप पाठवला आणि उत्तर आले की मुले आजोळी गेली आहेत. मी त्याच फलाटावर पाच तास बसून राहिलो, कारण परतीची गाडी संध्याकाळची होती. त्या दिवशी माझ्या पिशवीत धाकट्यासाठी घेतलेले बूट होते आणि ते बूट पुढच्या भेटीपर्यंत त्याला लहान झाले.

त्यानंतर मी पुन्हा भांडणाचा अर्ज करायच्या ऐवजी तिला लिहिले की आपण त्याच मध्यस्थांकडे जाऊ या. तिलाही ते हवे होते, असे नंतर कळले. यावेळी आम्ही दोन पाने भरून लिहिले आणि दोघांनी मिळून न्यायालयात पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, देऊन ते जुन्या अटींच्या जागी घेतले. आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने कल्याणला जातो, मुलांना स्टेशनबाहेर त्यांच्या मामाकडून घेतो आणि संध्याकाळच्या पंचवटीच्या आधी परत सोडतो. गाडी उशिरा धावली तर काय, हेही लिहिले आहे: मी गाडीतून कळवायचे, त्यांनी एक तास थांबायचे आणि त्यानंतर मात्र घरी निघून जायचे, आणि ती भेट पुढच्या शनिवारी भरून द्यायची. रोज रात्री साडेआठला दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल असतो, तो मुलांच्या आजीच्या फोनवर येतो, म्हणजे आम्हा दोघांना एकमेकांना फोन लावावा लागत नाही. मुले बोलायला आली नाहीत तर त्याचा अर्थ लावायचा नाही, हे वाक्य मध्यस्थांनी सुचवले आणि आम्ही ते जसेच्या तसे कागदावर घेतले.

म्हणून माझी विनंती अशी की ताई, आपल्या कागदावर वार, तारीख, वेळ, ठिकाण आणि सोडायला-आणायला येणाऱ्या माणसाचे नाव हे पाचही असू द्या. समजूत हवीच, पण वेगळे झाल्यावरच्या पहिल्या वर्षात ती हाताशी नसते.

निवृत्त_समुपदेशक यांचे उत्तर

नाशिककर, तुमचे म्हणणे मी मान्य करते आणि माझे वाक्य दुरुस्त करते. पहिले वर्षभर कागद घट्ट असावा. सैल करण्याची जागा म्हणून "एक वर्षाने दोघांनी पुन्हा बसून व्यवस्थेचा आढावा घ्यावा" एवढे कलम त्यात असावे. फलाटावरच्या त्या बुटांचे वाचून मन भरून आले.

वकील_आणि_मध्यस्थ यांचे उत्तर

मी वकिली करतो आणि मध्यस्थांसाठीचे ४० तासांचे प्रशिक्षण घेऊन जिल्हा न्यायालयातील मध्यस्थी केंद्रात कामही करतो. कायद्याबद्दल जे प्रश्न आले आहेत त्यांची उत्तरे देतो. तुमचा विवाह हिंदू विवाह कायद्याखाली झाला आहे असे गृहीत धरले आहे.

पाच वर्षांविषयी तुमच्या वकिलांनी सांगितले ते कायद्यात आहे, पण त्यावर फार भार टाकू नये. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचे कलम ६ म्हणते की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार ठरवते. तुमचा मुलगा डिसेंबरात पाच पूर्ण करील, त्यामुळे या मुद्द्याचे वय काही महिन्यांचेच आहे. आणि ताबा आईकडे असणे म्हणजे वडिलांची भेट थांबणे असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या यशिता साहू प्रकरणात स्पष्ट म्हटले आहे की मुलाला दोन्ही पालकांच्या प्रेमाचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला प्रत्यक्ष भेटींखेरीज फोन किंवा व्हिडिओ कॉलवर मुलाशी संपर्क ठेवता आला पाहिजे. भारतीय विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात सामायिक पालकत्वाची आणि लेखी पालकत्व आराखड्याची शिफारस केली. तिचा स्वतंत्र कायदा झालेला नाही, पण मध्यस्थीत तुम्ही दोघे संमतीने असा आराखडा करू शकता.

गोपनीयतेबद्दल थोडे बारकाईने वाचा. मध्यस्थीत झालेले बोलणे, दिलेले प्रस्ताव, मान्य केलेली एखादी चूक, यातले काहीही पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. तडजोड झाली नाही तर मध्यस्थ "तडजोड झाली नाही" एवढेच न्यायालयाला कळवतो, कोणामुळे झाली नाही हे कळवत नाही. मध्यस्थ तुम्हाला स्वतंत्रपणेही भेटतो आणि त्या भेटीत सांगितलेली गोष्ट तुमच्या परवानगीखेरीज दुसऱ्या बाजूला सांगत नाही. ज्या गोष्टी नवऱ्यासमोर बोलता येत नाहीत त्या तिथे बोला. मात्र मुलाच्या ताब्याच्या वादात न्यायालयाने समुपदेशकाकडे मुलाला पाठवले असेल, तर त्या समुपदेशकाचा मुलाविषयीचा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते. पेरी कन्साग्रा प्रकरणात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले आहे. मुलांना पढवून समुपदेशकाकडे पाठवणाऱ्या पालकांचे नुकसान होताना मी पाहिले आहे, कारण पढवलेले वाक्य मूल मोठ्यांच्या शब्दांत बोलते आणि ते लगेच लक्षात येते.

पोटगीच्या बाबतीत एक चूक हमखास होते. भेटी आणि पैसे यांची सांगड घालू नका. "खर्च दिला नाही तर मुले पाठवणार नाही" आणि "मुले पाठवली नाहीत तर खर्च देणार नाही" ही दोन्ही वाक्ये कागदावर येता कामा नयेत. मुलांच्या खर्चाचा हक्क मुलांचा असतो, त्यामुळे आईने तो सोडून देण्याचे कबूल केले तरी त्याने मुलांचा हक्क संपत नाही. शाळेची फी, बस, शिकवणी, मुलीची औषधे हे प्रत्येक कोणी भरायचे आणि दरवर्षी त्यात किती वाढ धरायची, ते लिहा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावेच लागते. ते बैठकीपूर्वी झालेले असेल तर आकड्यांवर भांडण कमी होते.

बंधनाबद्दल: तडजोडीच्या अटींवर दोघांच्या सह्या झाल्यावर त्या न्यायालयात दाखल होतात, न्यायाधीश त्या मुलांच्या हिताच्या आहेत का हे पाहतात आणि मग त्यांना हुकूमनाम्याचे बळ मिळते. तरीही मुलांच्या ताब्याचा हुकूम कायमचा कोरलेला नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या रोझी जेकब प्रकरणापासून मानले आहे. परस्पर संमतीच्या घटस्फोटासाठी, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब साठी, एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते. तुमचे दहा महिने झाले आहेत. अर्ज केल्यानंतरचे सहा महिने न्यायालय माफ करू शकते. २०१७ च्या अमरदीप सिंग निकालाने त्यासाठी ज्या गोष्टी पाहायला सांगितल्या, त्यांत मुलांच्या ताब्याचा आणि पोटगीचा प्रश्न खरोखर मिटलेला असणे ही एक आहे.

पहिल्याच बैठकीत सही करू नका. मसुदा घरी न्या, मराठीत हवा असेल तर मराठीत मागा, दोन रात्री जवळ ठेवा आणि वहीतल्या आठवड्यावर तो ठेवून पाहा. न्यायालयाशी जोडलेल्या मध्यस्थी केंद्रात पक्षकारांना मध्यस्थाचे शुल्क द्यावे लागत नाही. स्त्रियांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकीलही मिळू शकतो. हे शेवटचे वाक्य हा धागा वाचणाऱ्या इतर भगिनींसाठी आहे.

साताऱ्याची_मावशी यांचे उत्तर

मी एवढेच लिहीन. कोथरूडच्या ताईंच्या पोस्टमध्ये मारझोडीचा किंवा धाकाचा उल्लेख नाही, म्हणून वरचे सगळे सल्ले त्यांना लागू पडतात. पण हे वाचणाऱ्या एखादीच्या घरात तसे असेल, तर तिने समोरासमोर एका टेबलाशी बसायला आपण होऊन तयार होऊ नये. माझ्या भाचीने घरातले सगळे सांगितले नाही, कारण "मुलांसाठी जुळवून घे" असे आम्ही घरच्यांनीच तिला सांगितले होते, आणि त्याचा मला आजही पस्तावा होतो. बैठकीत ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. दुसऱ्या वेळी मध्यस्थ बाईंच्या ते लक्षात आले, त्यांनी तिला वेगळे बसवून विचारले आणि बैठक तिथेच थांबवली. तसे असेल तर पहिल्याच दिवशी समुपदेशकांना किंवा मध्यस्थांना एकांतात सांगावे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते, आणि त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे मॅजिस्ट्रेट मुलांचा तात्पुरता ताबा देऊ शकतात, तसेच भेट मुलांना अपायकारक ठरेल असे वाटल्यास भेटीला नकारही देऊ शकतात. आमच्याकडे पुढे वडिलांची भेट न्यायालयातल्या मुलांच्या कक्षातच ठरली, आणि ती व्यवस्था टिकली आहे.

कोथरूडची_आई यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल आमची पहिली बैठक झाली, म्हणून जे घडले ते इथे लिहिते आहे.

मी वही आणि दोन्ही दिनदर्शिका घेऊन गेले होते. त्यांच्या बाबांनीही एक कागद आणला होता, पण त्यावर फक्त भेटीचे तास होते. मध्यस्थांनी दोघांच्या वकिलांना नमस्कार करून काही वेळ बाहेर बसायला सांगितले आणि मला विचारले की कुठून सुरुवात करू या. मी म्हणाले, स्पेसरपासून. मुलीचा प्रश्न मी तिने विचारला होता तसाच सांगितला. मुलांचे बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्या रात्री ते गेटपाशी गाडी बंद करून दहा मिनिटे थांबले होते, वरच्या खोलीतला दिवा विझेपर्यंत. मला हे माहीत नव्हते.

पहिल्या बैठकीत तीन गोष्टी ठरल्या. चिंचवडच्या घरी दुसरा पंप, दुसरा स्पेसर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत राहील. एक आड एक शुक्रवारी ते मुलांना शाळेतून नेतील आणि रविवारी संध्याकाळी साडेसहाला सोडतील. सोडताना ते गेटवर न थांबता आमच्या दारापर्यंत वर येतील आणि मी दार उघडीन. आमच्या दोघांमधले न्यायालयाचे कुठलेही बोलणे मुलांसमोर किंवा मुलांच्या हाती निरोप देऊन होणार नाही. मुलांच्या खर्चाचे आकडे दोघांची प्रतिज्ञापत्रे आल्यावर पुढच्या वेळी घ्यायचे आहेत. माझ्या वकिलांना हे थोडे घाईचे वाटले, परंतु सही मी अजून केलेली नाही. मसुदा घरी आणला आहे, आणि तो मराठीत आहे.

दिवाळी वरच्या उत्तरात सुचवली आहे तशीच विभागू, असे दोघांनाही वाटते. गणपतीचे मात्र ठरले नाही. पाचही दिवस चिंचवडला, असे ते म्हणाले आणि त्या आठवड्यात मुलीची चाचणी असते, असे मी म्हणाले. तेव्हा मध्यस्थांनी दिनदर्शिकेत गौरींच्या तीन दिवसांभोवती पेन्सिलीने चौकट काढून ठेवली आहे. शाळेकडून चाचणीचे वेळापत्रक आणायचे काम त्यांच्या बाबांनी आपल्याकडे घेतले आहे आणि पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे.